ब्रेसाकसाहेबांचा चहावाला

धम्मदीप गजभारे जिवंत आहे. कुकटपल्लीत राहतो, पंचेचाळिशी ओलांडली आहे, गुडघा दुखतो म्हणून कुरकुरतो आणि रोज दुपारी कामावर जातो. तरी आमच्या नाट्यसमाजाच्या पत्रिकेत तो वारल्याचं छापून आलं. चांगल्या गुळगुळीत कागदावर, मागे 'ख्यातनाम' हे विशेषण लावून. ते कसं झालं हे मला सांगायचंय, आणि शांतपणे सांगायचं नाही. शांतपणे बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत; हे त्यांनीच केलं.

आधी माणूस सांगते.

त्याचे वडील देवराव धर्माबादकडचे. हैदराबादेत पाणीपुरवठा खात्यात लागले. कुठल्या मोहल्ल्याला कधी पाणी सोडायचं ते चाक फिरवायचं त्यांचं काम. आई सखूबाई सुलतान बाजारातल्या साड्यांच्या दुकानांना फॉल लावून द्यायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, त्यात हा, धाकटी बहीण रेणुका, आणि छताला टेकतील एवढ्या लोकांच्या साड्या. देवराव आता नाहीत. सखूबाई आहेत, चांगल्या खणखणीत आहेत, आणि ही गोष्ट खरं तर त्यांच्यामुळेच सांगावीशी वाटली.

आमच्या हैदराबादेत इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, दुसरी भाषा कोणी शिकण्यासाठी घेत नाही, मार्कांसाठी घेतात. बहुतेक पोरं संस्कृत घेतात. धम्मदीपही संस्कृताच्या रांगेत उभा राहिला. तिथल्या लेक्चररनं अर्जावरचं नाव वाचलं, वर पाहिलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "संस्कृत कशाला घेतोस? फ्रेंच घे. तुमच्याकडे पाठांतराची सवय नसते."

तुमच्याकडे! सतरा वर्षांच्या पोराला.

"मग तू काय म्हणालास?" मी पुढे कधीतरी त्याला विचारलं.

"मेर्सी म्हणालो, मादाम. आभारी आहे. फ्रेंचमधलं तेवढंच येत होतं."

वर्गातल्या बाकीच्यांनी मार्क घेतले आणि भाषा परीक्षेच्या दारातच सोडली. यानं सोडली नाही. डिप्लोमा केला, पुढचा केला, आणि सत्ताविशीत तो संध्याकाळच्या वर्गांना फ्रेंच शिकवू लागला. तिथेच मला भेटला. मी कॉलेजात इतिहास शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. भजनी मंडळाच्या बायका रोज बोलवायला यायच्या, त्यांच्यापासून सुटका हवी म्हणून मी फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. वर्गात व्हिसासाठी आलेली पोरं, एका हॉटेलातला स्वयंपाकी आणि मी म्हातारी. मास्तर माझ्या निम्म्या वयाचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला बाहेर घालवलं आणि म्हणाला, "आता दारातून परत या. पण तुम्ही तुम्ही नाही. तुमची बॅग आगगाडीत राहिलीय आणि तुम्ही स्टेशनमास्तरवर चिडलाय." व्याकरण नंतर, माणूस आधी, अशी त्याची पद्धत. मी चिडून दाखवलं. तो म्हणाला, "नक्को मादाम. फ्रेंच बाई ओठांनी रागावते. तुम्ही पदरानं रागावता."

तेव्हापासून मी त्याची 'मादाम' आणि तो माझा 'मास्तर'. त्याचे गुण मी सांगणारच आहे, म्हणून दोषही सांगते. वेळेवर कधी येत नाही. स्वतःच्या आवाजावर जीव. दुसरा बोलत असला की हा आपलं पुढचं वाक्य मनात घोळवत बसतो. नटाची जातच ती.

हो, नट. वर्गात काँगोहून आणि आयव्हरी कोस्टहून आपल्याकडे शिकायला आलेली मुलं त्याला भेटायला यायची. त्यांची घरची भाषा, निदान शाळेची भाषा, फ्रेंच. घरमालक त्यांना भाड्यानं खोली देत नाहीत, रिक्षावाले दुप्पट मागतात, संध्याकाळी जायला जागा नाही. त्यांना जमवून यानं नाटकं बसवायला सुरुवात केली. मग लिहायला. फ्रेंचमध्ये चार नाटकं लिहिली या माणसानं, आणि चारीत मुख्य काम स्वतः केलं. एकात राजा होता. कुकरची जुनी रिंग सोनेरी कागदात गुंडाळून मुकुट केला होता आणि शपथेवर सांगते, दहा मिनिटांत ती रिंग दिसेनाशी झाली. पाँडिचेरीत त्यांचे प्रयोग झाले. एकदा फ्रान्समधल्या एका छोट्या गावच्या नाट्यमहोत्सवात गेला, तिथे लोक उठून उभे राहिले. परत आला तो सर्दी घेऊन.

हैदराबादच्या प्रत्येक फ्रेंच प्रयोगाला सखूबाई पहिल्या रांगेत. पिशवी मांडीवर, पाठ ताठ. एक शब्द कळत नसे.

"कळलं का काही?" मी विचारायची.

"राजा हाय ते कळलं. मरतो ते बी कळलं. का बोलला, ते त्याचं त्याला ठाऊक."

पोटासाठी तो कुकटपल्लीतल्या एका कंपनीत. फ्रान्समधल्या लोकांचे पाणी तापवायचे बॉयलर बिघडले की त्यांचे फोन इथे येतात. कंपनी प्रत्येकाला एकेक फ्रेंच नाव देते, कारण पलीकडच्या माणसाला आपला फोन कुठे वाजतोय ते कळता कामा नये. धम्मदीपला नाव मिळालं एतियेन ब्रेसाक. नोकरीच्या करारात बाहेर दुसरं काम करायला बंदी. म्हणून त्यानं नाटकांवरही तेच नाव टाकलं. "कंपनीनं फुकट दिलंय मादाम, वापरून झिजवतो," म्हणायचा. फ्रेंच येणाऱ्या आम्हा पंचवीस-तीस लोकांना ब्रेसाक म्हणजे कोण हे माहीत होतं. बाकी गावाला फ्रेंच येत नाही, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

आता नारायणगुड्याचा आमचा दक्षिण मराठी नाट्यसमाज. मी त्याच्या कार्यकारिणीवर होते. होते, असं लिहिताना बरं वाटतंय. अध्यक्ष प्रभाकरराव भालकीकर. निवृत्त वकील, तीन पिढ्या हैदराबादेत, आजोबा निजामाच्या कचेरीत. आमच्या या जुन्या घरांत जात कोणी विचारत नाही. आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, आणि मग 'उच्चार' हा शब्द येतो.

धम्मदीप समाजाचा पंधरा वर्षं सभासद. पंधरा वर्षांत त्यानं केलेली मराठी कामं: गडी, हवालदार, पोस्टमन, पुन्हा गडी. एका नाटकात तिरडीचा मागचा खांदा. फ्रेंचमध्ये राजा आणि मराठीत ताट!

"माणूस गुणी आहे हो," प्रभाकरराव म्हणायचे, "पण मोठ्या भूमिकेला उच्चार लागतात. त्याच्या बोलण्याला जरा मराठवाड्याचा वास येतो."

भालकीकरांच्या बोलण्याला कानडीचा येतो. तो वास नाही, तो ढंग.

सखूबाई मराठी नाटकाला एकदाच आल्या. मुलगा हातात ताट घेऊन आला, "आईसाहेब, सरबत," म्हणाला आणि आत गेला. सखूबाई उठल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. नंतर त्याला म्हणाल्या, "ताट उचलायला एवढा शिकलास व्हय? ते म्या बी उचलते. मराठीत राजा झालास का बोलव. तवर म्या येत न्हाई."

आणि आल्या नाहीत. म्हणजे बघा, ज्या भाषेत तो राजा होता ती आईला कळत नव्हती आणि जी कळत होती तीत तो गडी होता. त्याला दुसरं काही नको होतं. आईला कळेल अशा भाषेत, स्वतः लिहिलेल्या नाटकात, मधोमध उभं राहायचं होतं. एकदा.

त्यानं समाजाकडे मराठीत लिहिलेली दोन नाटकं दिली. दोन्ही न वाचता परत. "पुढच्या वर्षी पाहू." तिसऱ्या वेळी प्रभाकररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू स्वतः लिहिण्याच्या भानगडीत का पडतोस? तुला फ्रेंच येतं. एखादं दर्जेदार नाटक आण, रूपांतर कर. मराठी रंगभूमी रूपांतरांवर उभी आहे."

"हौ, आणतो," धम्मदीप म्हणाला.

आणि त्यानं स्वतःचंच आणलं. 'गरम पाण्याची तक्रार'. कचेरीत फोन घेणारा एक माणूस. डोंगरातल्या गावातली एक फ्रेंच म्हातारी बॉयलर बिघडला म्हणून त्याला रोज फोन करते, आणि बॉयलर दुरुस्त झाल्यावरही करत राहते, कारण तिच्याशी बोलायला दुसरं कोणी नाही. तो तिच्याशी तासन्‌तास गोड बोलतो. त्याच वेळी त्याच्या ड्रॉवरमधला मोबाइल थरथरत असतो. त्याच्या आईचा. तो कापत राहतो. फ्रेंच प्रयोगात हे तिकडच्याच एका शहरात घडायचं. मराठीत त्यानं ते जिथं मुळात घडलं होतं तिथं आणून ठेवलं, कुकटपल्लीत.

वाचनाच्या दिवशी त्यानं फ्रेंच संहिता आणि मराठी संहिता टेबलावर ठेवली. सगळं सांगायच्या तयारीनंच आला होता. पण प्रभाकररावांनी फ्रेंच संहितेवरचं नाव वाचलं आणि डोळे मिटले.

"ब्रेसाक! वा! वकिलीच्या पहिल्या वर्षी वाचलाय मी याला, इंग्रजीतून. मोठा माणूस. शेवटी शेवटी जरा कडवट झाला."

मला खोकला आला. धम्मदीपनं टेबलाखालून माझा पाय दाबला आणि वाचायला लागला. काय वाचलं! कार्यकारिणीतल्या बायकांनी डोळे पुसले. संपल्यावर प्रभाकरराव उठले. "याला म्हणतात रूपांतर. त्या फ्रेंच खेडवळ आईला मराठवाड्याची बोली देणं, यात प्रतिभा आहे. मूळ लेखकाची तर आहेच, पण तुझीही थोडी आहे हो."

खाली रस्त्यावर चहा पिताना मास्तर हसून हसून वाकला. "मादाम, मी शेवटी शेवटी कडवट झालो म्हणे!"

"आत्ता वर जाऊन सांग."

"नक्को. सांगितलं की 'पुढच्या वर्षी पाहू' होणार. तिसरी घंटा होऊ द्या. प्रयोग संपला की मी पुढे येऊन लोकांसमोर सांगतो. आई पहिल्या रांगेत असणार. मी वचन घेतलंय तिचं."

"आणि मुख्य काम?"

"फ्रेंचमध्ये मीच केलंय. आत्ता वाचलंही मीच. दुसरं कोण करणार?"

एवढी फ्रेंच पुस्तकं वाचली, पण नारायणगुडा काही या माणसाला वाचता आला नाही.

मुख्य काम वरुणला गेलं. वरुण म्हणजे प्रभाकररावांचा पुतण्या. आयटीत आहे, दिसायला छान, स्वभावानं गरीब. फक्त त्याला मराठी वाचता येत नाही. बोलतो, पण चार शब्दांत दोन इंग्रजी, एक तेलुगू. धम्मदीपला कोणतं काम मिळालं, ते सांगायला हवं का? कचेरीतला चहावाला. "साहेब, चहा." दोनदा.

"पण ही भूमिका मी केलेली आहे," धम्मदीप म्हणाला.

"फ्रेंचमध्ये," प्रभाकरराव म्हणाले. "फ्रेंचमध्ये उच्चार कोणाला कळतात?"

मी त्या बैठकीत पुष्कळ बोलले. माझ्यासारख्या बाईला कार्यकारिणीत ठेवतात ते मी बोलते म्हणूनच. बोलून झालं की सगळे मान हलवतात आणि ठरलेलं करतात. धम्मदीपनं मला बाहेर आणलं. म्हणाला, "राहू द्या. लेखक म्हणून तरी पुढे येईन. आईला सांगतो, राजा नाही, पण राज्य माझंय."

मग तालमी. वरुणसाठी अख्खं नाटक रोमन लिपीत टाइप करून दिलं, कोणी? लेखकानं. तेही अडखळत वाचतो म्हणून एकेक वाक्य आपल्या आवाजात भरून त्याच्या फोनवर पाठवलं, तेही त्यानंच. हातात चहाचा ट्रे धरून हा विंगेत उभा, आणि मधे उभा असलेल्या वरुणला त्याचीच वाक्यं सांगतोय.

"अंकल, ही लाइन थोडी लाँग आहे. कट करू या का?" वरुण विचारायचा.

"मूळ लेखकाला विचारावं लागेल बाळा," चहावाला म्हणायचा.

तो विनोद करत होता तोवर मला काळजी नव्हती. विनोद थांबला पत्रिका आल्यावर. लेखकाचा परिचय हवा, म्हणून वरुणनं आपल्या फोनला विचारलं होतं, आणि फोननं लगेच चार ओळी दिल्या. एतियेन ब्रेसाक, फ्रान्सचे ख्यातनाम नाटककार, अनेक पुरस्कार, एकोणीसशे सत्त्याऐंशी साली लिओं शहरात निधन. प्रभाकररावांनी त्यात स्वतःची एक ओळ घातली: 'विद्यार्थिदशेपासून प्रस्तुत लेखक आमचे आवडते.' खाली भूमिका. शेवटी, बारीक टाइपात: चहावाला, धम्मदीप. आडनावसुद्धा नाही. रूपांतरकार म्हणून 'नाट्यसमाजाची संहिता समिती'.

त्याचा फोन आला. "मादाम, मी वारलो की." पण हसला नाही.

"काय झालं?"

"आईनं वाचलं."

सखूबाईंना वाचता येतं, सावकाश, अक्षरावर बोट ठेवून. त्यांनी पूर्ण पत्रिका वाचली होती. कोणी वाचत नाही अशा जाहिरातीसकट. मग विचारलं होतं, "हे नाटक तू लिव्हलं म्हणलास ना? मग हा मेलेला कोण?" यानं समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी नाटकावर नाव घालाया तुला मरावं लागलं, आन्‌ जित्ता राहून बी ताटच उचलायलास. म्या येत न्हाई."

रविवारी सकाळी बैठक होती. धम्मदीप वेळेवर आला. तिथेच मला कळलं, आज काहीतरी होणार.

"प्रभाकरराव," तो उभा राहूनच म्हणाला, "ब्रेसाक मी आहे. हे नाटक माझं आहे. कोणाचं रूपांतर नाही. मूळ फ्रेंच मीच लिहिलंय आणि मराठीही मीच. माझं नाव घाला, आणि मुख्य काम मला द्या."

कोणीतरी हसलं. मग मी सांगितलं की फ्रेंच प्रयोग मी स्वतः पाहिलाय, फोटो दाखवले, आणि हसू थांबलं.

तुम्हाला वाटेल, प्रभाकरराव शरमले असतील. न वाचलेला लेखक विद्यार्थिदशेपासून आवडता होता म्हणणारा माणूस शरमत नसतो.

"म्हणजे तुम्ही आमची फसवणूक केलीत," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्याला 'तुम्ही' म्हणाले.

"तुम्ही माझी दोन नाटकं न वाचता परत केलीत. हे वाचलंत, कारण तुम्हाला वाटलं हे दुसऱ्या कोणाचं आहे. यात फसवणूक कोणाची?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे. आणि खरं सांगू का, मला पहिल्यापासून या नाटकात काहीतरी खटकत होतं. त्या आईची भाषा... रंगमंचावर अशी भाषा? घरातलं धुणं चव्हाट्यावर धुतल्यासारखं वाटतं."

मी म्हणाले, "प्रभाकरराव, याच खोलीत याच भाषेला तुम्ही प्रतिभा म्हणाला होता."

"तेव्हा ती रूपांतराची प्रतिभा होती, इंदुमतीबाई."

हे वाक्य मी बनवलेलं नाही. मला असं वाक्य सुचणार नाही. संहिता तीच. शब्द तेच. आईही तीच. मधल्या काळात फक्त लेखक फ्रान्समधून उठून कुकटपल्लीत आला आणि कलाकृतीचं धुणं झालं! डोळे पुसणाऱ्या त्या बायका खिडकीबाहेर बघत होत्या. कोणीतरी समेट सुचवला: पत्रिकेवर 'मूळ कल्पना' म्हणून नाव टाकू, पण भूमिका वरुणचीच राहू दे, तिकिटं गेलीत.

"वरुण, तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"मला... आय मीन, अंकल जास्त चांगलं करतात," तो पुटपुटला, आणि काकांकडे बघून गप्प झाला. गरीब स्वभावाचा हा उपयोग.

धम्मदीपनं दोन्ही संहिता उचलल्या. प्रभाकरराव म्हणाले, "संहिता समाजाच्या ताब्यात दिलेली आहे."

"ब्रेसाकनं दिली होती," तो म्हणाला. "तो वारला. मी त्याचा वारस."

मीही उठले. राजीनामा तोंडी दिला. लेखी मागू लागले, तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, संपादक कापतील.

प्रयोग झाला कुकटपल्लीत, त्यांच्या कॉलनीतल्या विहाराच्या वरच्या हॉलमध्ये. आमच्याकडे नटराजाची पूजा करून नारळ फुटल्याशिवाय पडदा उघडत नाही. तिथे सगळ्यांनी उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि मग दिवे विझले. दिव्यांची बटणं काँगोच्या मुलांकडे. फ्रेंच म्हातारीचा आवाज किन्शासाच्या एका मुलीनं दिला. रोमन लिपीत लिहून घेऊन तिनं सगळी मराठी वाक्यं तोंडपाठ केली होती. वरुणला स्वतःची मातृभाषा तेवढी पाठ झाली नव्हती. तो आलाही नाही. फोनवर अंगठा पाठवला. नाटकातल्या आईचा आवाज रेणुकाचा. ती दवाखान्यात नर्स आहे, उभ्या जन्मात स्टेजवर गेलेली नाही, पण आईची नक्कल लहानपणापासून करते.

सखूबाई पहिल्या रांगेत. पिशवी मांडीवर, पाठ ताठ.

टेबल, खुर्ची, कानाला हेडफोन लावलेला धम्मदीप. बोलायला लागला आणि पंधरा वर्षांची ती सगळी ताटं आठवून माझ्या डोक्यात तिडीक गेली. उच्चार म्हणे! त्याच्या तोंडी मराठी अशी येत होती जशी देवरावांनी चाक फिरवल्यावर नळाला येत असेल. आधी हवा, आधी घरघर, आणि मग जी धार लागते ती लागतेच. लोक हसत होते, मधेच गप्प होत होते. मागे उभी असलेली आफ्रिकी मुलं एकही शब्द न कळता बघत होती, सखूबाई जशा बघायच्या तशी.

मग तो प्रसंग आला. ड्रॉवर थरथरतो. हा फ्रेंच म्हातारीला सांगतोय, "तुमचं पाणी तापलं की मला सांगा, मी लाइनवरच आहे, मला काही घाई नाही." एका हातानं ड्रॉवर उघडतो आणि आईचा फोन कापतो. अंधारात रेणुकाचा रडका आवाज: "लेकरा, जेवलास का एवढंच इचारायचं होतं..."

"खोटंय!"

पहिल्या रांगेतून. सखूबाई उभ्या होत्या.

धम्मदीप हेडफोन तसाच ठेवून बघत राहिला. नट म्हणून की मुलगा म्हणून, ते त्यालाही कळलं नसावं.

"तू कापायचास व्हय माझा फोन?" सखूबाई म्हणाल्या. "'मीटिंग होती आई, रेंज न्हवती आई' म्हणायचास. आन्‌ तिकडं त्या म्हातारीच्या आंघोळीच्या पाण्यासाठी घंटा घंटा बसायचास? मला घाई न्हाई म्हणायचास तिला?"

"आई, नाटक आहे..."

"मला शिकवू नको नाटक! एवढी नाटकं बघितली तुझी, एकाचा बी शब्द कळला न्हाई, गप बसले. आज पैल्यांदा कळायलंय. आज बोलणार." मग अंधाराकडे वळल्या. "आन्‌ तू गं रेणे, रडायलीस कशाला? म्या कधी रडले? फोन कापला का म्या रडायची न्हाई. म्या शिव्या द्यायची! फोन बंद झाल्यावर बी द्यायची. त्याला ऐकू जायच्या न्हाईत, एवढंच."

कोणीतरी हसू दाबलं. धम्मदीपनं हेडफोन काढला. आईजवळ आला नाही. टेबलापाशीच उभा राहिला, अगदी मधोमध, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फ्रेंच प्रयोगांत कधी पाहिलं नव्हतं. लाज होती. आणि तिच्या खाली, दडत नसलेला, आनंद.

"काय शिव्या द्यायचीस?" त्यानं विचारलं.

"तुला कशाला पायजेत?"

"नाटकात घालायला. तुझ्या तोंडी चुकीचं लिहिलंय म्हणतेस ना? मग बरोबर सांग."

सखूबाईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली. पदर खोचला. आणि भरल्या हॉलसमोर, पोटच्या पोराकडे बोट करून त्यांनी सुरुवात केली: "मुडद्या, तुझं तोंड वाकडं होईल. साडीला टाके घालून घालून माझी बोटं झिजली, त्याच बोटानं तुझा नंबर दाबते, आन्‌ तू कापतोस? भाड्या, कंपनीनं तुझं नाव बदललं, आई बी बदलून दिली का?" आणि पुढे आणखी, खास धर्माबादकडच्या, ज्यांतल्या निम्म्या मला इतिहासाच्या पदवीसह समजल्या नाहीत. रेणुका अंधारातून बाहेर आली आणि ओठ हलवत पाठ करू लागली.

थांबल्या तेव्हा दम लागला होता. बसल्या, पिशवी परत मांडीवर घेतली.

"आता कर पुढलं," म्हणाल्या. "तितनंच कर. फोन कापतोस तितनं."

धम्मदीपनं हेडफोन चढवला, ड्रॉवर बंद केला आणि पुन्हा उघडला. फोन कापला. अंधारातून आता रेणुकाचा आवाज आला तो रडका नव्हता.